तीस बाय पन्नास

काटोल रोडला, फेटरीच्या अलीकडे,
टेपचं शून्याचं टोक मी धरतो.
दुसरं टोक पवनीकरच्या हातात.
तो ओरडतो, "तान!"
मी ताणतो.
मग चुन्याची फक्की.
तुरीच्या खुंटांवरून पांढरी रेघ जाते
आणि रेघेच्या आत जे सापडेल,
एक वारूळ, कुणाची पट्टा तुटलेली चप्पल, बोरीचं झुडूप,
त्याला प्लॉट नंबर एक्केचाळीस म्हणायचं.

बावीस वर्षांत असे किती आखले
ते मोजलं नाही.
दिवसभर मोजून आल्यावर माणूस काय मोजेल.

पहिला आखला तेव्हा साठ रुपये फूट होता.
बेसा तेव्हा गाव होतं.
शेठ म्हणाला, "निनावे, एक ठेवून टाक, हप्ते पाडून देतो."
मी म्हटलं, "इतक्या दूर कोण राहीन बाप्पा,
रात्री कोल्हे ओरडतात."
ते कोल्हे आता कुठे राहतात ठाऊक नाही.
भाव ठाऊक आहे.

रविवारी बर्डीवरून फुकट बस येते.
मांडवात तर्री-पोहे, चहा, लहान पोरांना फुगे.
टाय लावलेला एक पोरगा सांगून रायला असतो:
मेट्रो येऊन रायली, मिहानमध्ये कंपन्या येऊन रायल्या,
दोन वर्षांत डबल, लिहून घ्या.
कुणी लिहून घेत नाही. सगळे मान हलवतात.
मागे एक बाई आली होती,
मास्तरीण असावी, पर्समध्ये घडी घातलेली पिशवी.
ती चुन्याची रेघ ओलांडेना.
फेरा मारून गेली, जिथं फाटक येईल तिथून आत शिरली,
नवऱ्याला म्हणाली, "चपला बाहेर काढा."
मग भाव ऐकला.
बाहेर पडतानाही फाटकातूनच गेली.

हिल फेसिंगचे फुटामागे दीडशे जास्त.
आमच्याकडची टेकडी ती केवढी,
जमिनीनं झोपेत कूस बदलली, तेवढीच.
पण माहितीपत्रकात तिच्यामागं ढग लावलेत,
पायथ्याशी एक गोरा पोरगा सायकल चालवतो.
लेआउटच्या रस्त्यांना मुरूम लागतो.
मुरूम त्याच टेकडीतून येतो, मागच्या अंगानं,
पोकलँड रात्री चालते.
मी लेव्हलच्या दुर्बिणीतून बघतो :
मागच्या दिवाळीपेक्षा दीड मीटर कमी.
पवनीकरला सांगितलं.
तो म्हणाला, "आपल्याले काय करा लागते बे, तू टेप धर."

गिट्टीखदानला दोन खोल्या आहेत, भाड्याच्या.
नावातच खदान.
तिथंही कधी कुणी नजारा खणून नेला असेल.
घरमालक दर मे महिन्यात पाचशे वाढवतो
आणि वर विचारतो, "कूलरचं पाणी पुरते ना?"

पोरगी, प्रांजल, कर्जाच्या फायली बघते एका फायनान्सात.
जेवता जेवता मोबाइलवर बोट फिरवलं तिनं :
वय त्रेपन्न. फेडायला वर्षं सात.
हप्ता एकेचाळीस हजार.
पगार एकोणीस.
"काय म्हणते तुझं मशीन?"
"काही नाही बाबा. चाक फिरून रायलं नुसतं.
नेट स्लो आहे."
मग तिनं मला आणखी एक पोळी वाढली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी रत्नमाला म्हणाली,
"मले एकदा दाखवा ना, कसं असते ते हिल फेसिंग."
गाडीवर मागे बसून आली.
सुटी होती, साइटवर कुत्रंही नव्हतं.
मी म्हटलं, ही बघ, ही टेकडी.
ती बराच वेळ बघत राहिली.
"कोणती?" म्हणाली.

मग तिला बोर दिसली.
एक्केचाळीस नंबरात उभी राहून
तिनं पदरात पाव-दीड पाव बोरं वेचली,
एक तोंडात टाकलं, डोळे मिटले.
"आंबट आहेत. पन मीठ लावून चालतीन."

ऊन कलल्यावर निघालो.
ती फाटकातून गेली.
मी सवयीनं
भिंतीतून.